चळतीतल्या तीन ताटल्या

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका अंगणवाडीत चार वर्षांच्या पोरीनं चिंचोक्यांवर बोट ठेवत एका दमात म्हटलं, ‘एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.’ बरोब्बर सहाच होते. मी वाटी पुढे केली. ‘मला चार दे बघू.’ तिनं सगळेच्या सगळे मुठीत धरले आणि वाटीत ओतले.

टीचरच्या वहीत ‘सहापर्यंत मोजते’ अशी नोंद तोवर झाली होती. खोटी नव्हे, पण अर्धी.

आकडे ओळीनं म्हणणं हे गाण्यासारखं पाठ होतं. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे उमगणं निराळं. ते पकडायला कॅरेन विन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 साली हीच ‘इतके दे’ची चाचणी वापरली. मुलाला आधी फक्त ‘एक’चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा. त्यानंतर केव्हातरी मोजण्यातली मेख एकदम कळते आणि मग पाच काय, सहा काय, मागाल तेवढे मिळतात.

आमच्या सीमाभागात आणखी एक पेच आहे. घरी मराठी, टीचर कन्नड. ‘नाल्कु कोडु’ म्हणजे ‘चार दे’ म्हटल्यावर पोर गप्प बसली, तर अडलं काय, आकडा की भाषा? दोन भाषा बोलणाऱ्या अमेरिकेतल्या मुलांवरचा 2015 सालचा अभ्यास इथे फार कामाचा वाटतो. लहान आकड्यांचे अर्थ मूल प्रत्येक भाषेत वेगवेगळे शिकतं. मोजण्यातली मेख मात्र एका भाषेत कळली की दुसरीतही चालते. म्हणजे एकाच भाषेत विचारून गुण देणं हा निव्वळ अन्याय. शब्दसंग्रहाचंही तेच. चित्र बघून ‘मांजर’ म्हणो की ‘बेक्कु’, कल्पना एकच, गुणही एकच.

पण हे सगळं करणार कोण? 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून पोषण आहार, आरोग्य आणि 3 ते 6 वयाच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण, सगळं एकाच छताखाली आहे. वजनं घ्यायची, रजिस्टरं भरायची, त्यात आणि परीक्षा कुठली?

टीचरनी यावर सोपी तोड काढली. जेवणाच्या वेळी त्याच पोरीला म्हणाल्या, ‘मूरु तट्टे तगोंडु बा.’ तिनं ताटल्यांची अख्खी चळत उचलून आणली. थोड्या वेळानं त्यांनीच मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, ‘तीन ताटली आण.’

ती गेली आणि न मोजता तीनच घेऊन आली.