कुगे

कुगे : जपानमधील क्योटोच्या सम्राट-दरबारातील वंशपरंपरागत उमराव घराणी. ‘कुगे’ हा शब्द आधी खुद्द सम्राटासाठी व त्याच्या दरबारासाठी वापरला जाई. बाराव्या शतकाअखेर सत्ता लढवय्या घराण्यांच्या (‘बुके’) हाती गेली, तेव्हा त्यांच्याहून वेगळे ओळखू यावे म्हणून तो दरबारी घराण्यांना चिकटला. कुगे म्हणजे सामुराई नव्हेत, ही गल्लत नेहमी होते. कुगेंच्या कमरेला तलवार असे, पण ती पोशाखाचा भाग म्हणून. त्यांचे खरे भांडवल वहिवाटीचे होते : कोणत्या समारंभात कोणी कोठे बसायचे, कोणत्या पायाने पायरी चढायची, कोणता रंग ल्यायचा. जमिनी गेल्या तरी हे ज्ञान घरात राहिले.

दर्जा आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ७०१ च्या ताइहो कायद्याने दरबारात ३० पायऱ्यांची दर्जाश्रेणी ठरवली. खरी सीमारेषा पाचव्या दर्जावर होती. तिच्या वर जमीन, सेवक आणि करमाफी. खाली नुसती कारकुनी. चीनच्या धर्तीवर परीक्षा होत्या, पण कायद्यातच पळवाटही होती : पहिल्या दर्जाच्या माणसाच्या औरस मुलाला २१ व्या वर्षी आपोआप पाचव्या दर्जाची शेवटची पायरी मिळे. गुणांवर चढणाऱ्याला तिथवर पोहोचायला उमर जाई. तीन-चार पिढ्यांत वरच्या जागा मोजक्या कुळांत अडकल्या त्या यामुळे. पुढे राजवाड्यातील सेइर्योदेन या महालाच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवण्याची मुभा कोणाला, हीच उमरावपणाची खूण ठरली. मुभा नसलेल्यांना ‘जिगे’, म्हणजे जमिनीवरचे, म्हणत.

या कुळांत फुजिवारा सर्वांत प्रबळ. नाकातोमी नो कामातारी याला ६६९ मध्ये मृत्युशय्येवर सम्राट तेंजीने हे कुलनाम दिले. त्याचा मुलगा फुहितो याच्या चार मुलांनी चार शाखा काढल्या. ७३७ च्या देवीच्या साथीत चौघेही गेले, पण शाखा उरल्या आणि त्यांपैकी उत्तर शाखेने बाकीच्यांना मागे टाकले. तिचे तंत्र साधे होते. मुलगी सम्राटाला द्यायची. मूल आजोळी वाढे, म्हणून आजोबांचा शब्द चाले. नातू गादीवर आला की आजोबा किंवा मामा बालसम्राटाचा राजप्रतिनिधी (सेश्शो) होई, आणि सम्राट वयात आल्यावर मुख्य कारभारी (काम्पाकु). राजकुळाबाहेरचा पहिला सेश्शो योशिफुसा, ८६६ मध्ये. मिचिनागाच्या (९६६–१०२८) तीन मुली सम्राज्ञी झाल्या. त्याला सर्रास ‘काम्पाकु’ म्हटले जाते, त्याच्या रोजनिशीच्या रूढ नावातही ते पद आहे. प्रत्यक्षात तो काम्पाकु कधीच नव्हता. या तंत्रातली फट त्याच्या मुलाच्या काळी उघडी पडली. योरिमिचीने मुली दिल्या, पण त्यांना मुलगा झाला नाही. १०६८ मध्ये राजकन्येच्या पोटी जन्मलेला गो-सांजो गादीवर आला आणि आजोबांचा अंकुश सुटला.

मिचिनागाची रोजनिशी पाहिली की वहिवाट कशी साठवली जाई ते कळते. दरबारी ज्योतिषी दरवर्षी पंचांगाच्या दोन गुंडाळ्या करत, सहा-सहा महिन्यांच्या. प्रत्येक दिवसाच्या शुभाशुभ नोंदीखाली दोन ओळींची जागा कोरी सोडलेली असे, तिथे मालक त्या दिवशीचा समारंभ टिपून ठेवी. जागा संपली की कागद उलटून पाठीमागे : मेजवानीला कोण आले, कोणाला कोणते वस्त्र दिले. मिचिनागाच्या हातच्या अशा १४ गुंडाळ्या आजही क्योटोच्या योमेइ बुन्को या संग्रहात आहेत. यात मन मोकळे केलेले फारसे सापडणार नाही. या वह्या मुला-नातवांसाठी असत. समारंभात वाद उठला की ‘अमुक साली आमच्या पणजोबांनी असे केले’ हा पुरावा चाले. ऐन समारंभात विसर पडू नये म्हणून क्रम कागदाच्या पट्टीवर लिहून, हातात धरायच्या लाकडी फळीच्या (शाकु) आतल्या बाजूस चिकटवत. सरळ भाषेत, कॉपी.

तेराव्या शतकात उत्तर शाखेचा मुख्य वंश पाच घरांत फुटला : कोनोए, कुजो, निजो, इचिजो आणि ताकात्सुकासा. राजप्रतिनिधिपद यांच्याबाहेर जाईना. घरांची नावे बहुधा वाड्याच्या ठिकाणावरून पडली. इचिजो म्हणजे पहिला रस्ता, कुजो म्हणजे नववा. औपचारिक सहीत मात्र सारे फुजिवाराच. पाचांखाली नऊ सेइगा, तीन मंत्री-घराणी, मग उरिन, मेइका आणि हांके अशा पायऱ्या होत्या. एदो काळाच्या (१६०३–१८६८) अखेरीस एकूण १३७ घरे होती. कोणत्या घरातला मुलगा कुठवर चढणार हे जन्मतःच ठरे : उरिन घराण्याने राजरक्षक दलाच्या पदांवरून, मेइकाने सचिवालयातून चढायचे, आणि दोघांनीही दाइनागोन या वरिष्ठ सल्लागारपदाशी थांबायचे. वंश खुंटला तर दत्तक घेत. सम्राट गो-योझेइचा मुलगा असाच कोनोए घराण्यात जाऊन नोबुहिरो झाला. अपवाद एकाच घराण्याचा, आणि तो मोठा. शेतकरी कुळातला तोयोतोमी हिदेयोशी १५८५ मध्ये कोनोए साकिहिसाचा मानलेला मुलगा बनून काम्पाकु झाला. सैन्य जवळ असताना त्यालाही आधी कागदोपत्री नाते जोडावे लागले.

तोवर कुगेंची दैना झाली होती. त्यांचे उत्पन्न दूरच्या शोएन जहागिरींतून येई आणि स्थानिक योद्धे ते हळूहळू गिळत गेले. ओनिन युद्धात (१४६७–७७) क्योटो जळले. इचिजो नोरिफुसा १४६८ मध्ये थेट शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांतातल्या आपल्या जहागिरीवर जाऊन राहिला. दरबाराकडे पैसा नसल्याने सम्राट गो-काशिवाबाराचा राज्यारोहण-सोहळा २१ वर्षे लांबला. विद्वान सांजोनिशी सानेताका अभिजात ग्रंथांच्या नकला करून देई, तो काही केवळ छंद नव्हता.

पुढे १६१५ मध्ये तोकुगावा शोगुनशाहीने (योद्ध्यांच्या सरकारने) दरबारासाठी १७ कलमी नियमावली काढली. अगदी वरच्या घरांचा वार्षिक तनखाही ३,००० कोकूंच्या आसपास; पुष्कळांना ३० कोकू. एक कोकू म्हणजे सुमारे १५० किलो तांदूळ, आणि सर्वांत लहान दाइम्योची (प्रांतिक सरदाराची) जहागीरही १०,००० कोकूंची. तूट भरून काढली ती घराण्याच्या कलेने. त्सुचिमिकादो देशभरच्या ज्योतिषांना परवाने देत, योशिदा देवस्थानांच्या पुजाऱ्यांना. आसुकाईंकडे हरणाच्या कातड्याच्या चेंडूचा केमारी हा खेळ होता. खेळाडूने कोणत्या रंगाचा पोशाख घालावा याची परवानगी ते फी घेऊन देत.

ताकाकुरा आणि यामाशिना यांच्याकडे पोशाख नेसवण्याची विद्या (एमोन) होती. तिची गरज बाराव्या शतकात निर्माण झाली. तोवरचे मऊ कपडे जाऊन खळ दिलेले ताठ कापड आले आणि ते स्वतःचे स्वतः नेसणे अशक्य झाले. दोघे नेसवणारे लागतात, एक पुढे, एक मागे. पुढचा गुडघ्यांवर बसून काम करतो. चौथ्या दर्जापासून वर काळा झगा, पाचव्याला तांबडा. मागे लोळणाऱ्या सोग्याची लांबी दर्जाप्रमाणे. जादा कापडाच्या घड्या बसवून कमरेशी घट्ट आवळतात. तिथे ढिलाई राहिली, तर बसता-उठता सगळी रेष मोडते.

१८६९ मध्ये कुगे आणि दाइम्यो एकत्र करून ‘काझोकु’ हा नवा वर्ग झाला. १८७० मध्ये कुगेंना दात काळे करण्यास व भुवया काढण्यास बंदी आली. १८८४ च्या वटहुकमाने पाच किताब ठरले. राजप्रतिनिधींची पाची घरे सर्वांत वरच्या पायरीवर गेली. १९४७ च्या संविधानाने किताब रद्द केले. तोवर सम्राटामागून बहुतेक कुटुंबे टोकियोला गेली होती. राजवाड्याभोवतीचे त्यांचे वाडे पाडून तिथे आजची क्योटो ग्योएन ही बाग झाली. रेइझेइ या काव्य-घराण्याचा वाडा हद्दीच्या उत्तरेला, रस्त्यापलीकडे होता आणि कुटुंब क्योटोतच राहिले, म्हणून १७९० चा तो वाडा अजून उभा आहे. त्याच्या मातीच्या कोठारात कवी तेइका याची हस्तलिखिते पूर्वजांचे देवघर मानून जपली गेली. परक्यांसाठी ते १९८० मध्ये प्रथम उघडले, आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी न्यास स्थापन झाला.