‘नववधूचा शृंगार’ : प्रिंट घेण्यापूर्वी थोडं वाचा

अमृता शेरगिल यांचं ‘ब्राइड्स टॉयलेट’, म्हणजेच नववधूचा शृंगार, हे चित्र आमच्याकडे बहुतेक जण लग्नाच्या आहेरासाठी मागतात. चित्र १९३७ चं, तैलरंगातलं. मूळ चित्र दिल्लीत जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

प्रिंट हातात घेतल्यावर बरेच जण म्हणतात, “रंग जरा उजळ करून द्या.” ते आम्ही करत नाही. का, ते चित्र नीट पाहिलं की कळतं. मधोमध अर्धवस्त्रातली नवरी बसली आहे. तिची वेणीफणी चालली आहे, तळवे लाल रंगले आहेत. भोवतीच्या बायकापोरांची कांती सावळी, तिची मात्र फिकट, आणि त्यामुळेच नजर आधी तिच्याकडे जाते. सगळं उजळलं तर हा फरकच पुसला जाईल. नवरी हसत नाही, तेही बरोबरच आहे. सजवायला सगळ्यांचे हात लागतात, पण त्या घडीला मुलगी मनाने एकटीच असते. लग्नघरात वावरलेल्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. शेरगिल यांनी तेवढंच रंगवलं, सनई-चौघडा बाहेर ठेवला.

हे चित्र काढण्याआधी काही महिने त्या अजिंठ्याला जाऊन आल्या होत्या आणि तिथून पुढे दक्षिणेत फिरल्या होत्या. अजिंठ्याच्या भिंतींवरची सावळी, संथ माणसं या चित्रात सहज ओळखू येतात. ‘ब्रह्मचारी’ आणि बाजाराला निघालेल्या दक्षिणी खेडुतांचं चित्र ही याच चित्राची भावंडं. तिन्ही शेजारी लावली तर भिंत फार सुंदर दिसते.

हळदीच्या कार्यक्रमासाठी भेट हवी असेल, तर त्यांचं १९४० चं हळद दळणाऱ्या बायकांचं चित्र जरूर पाहा. आमच्या मते आहेराला तेच जास्त शोभतं.

शेरगिल १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी गेल्या. कलाकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे या चित्राचं प्रिंट काढायला कायद्याची आडकाठी नाही. मूळ चित्रं मात्र राष्ट्रीय कलाठेवा असल्याने विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत. कुणी “ओरिजिनल” म्हणून स्वस्तात देऊ केलं, तर सावध राहा.

फ्रेम साधी, गडद लाकडाची घ्या; सोनेरी पट्टी या रंगांना मारते. काच चकाकणारी नको, माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, अ‍ॅसिड-फ्री (आम्लविरहित) असू द्या. थेट ऊन येणारी किंवा ओल धरणारी भिंत टाळा.