सहावीपासून व्यावसायिक शिक्षण: हे नवीन नाहीये

सहावीपासून व्यावसायिक शिक्षण, १० दिवस दप्तराविना शाळा, हे सगळं २०२० च्या शैक्षणिक धोरणात आलं म्हणून ठाण्यातल्या बऱ्याच पालकांना ते एकदम नवीन वाटतंय, पण याची मुळं पार १९३७ च्या वर्धा परिषदेत आहेत. गांधीजींनी तिथे नई तालीम मांडली, झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला, आणि सूतकताईसारख्या हस्तोद्योगातूनच बाकीचे विषय शिकवायचे असं ठरलं.

मग १९५२-५३ चा मुदलियार आयोग, त्याने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा, म्हणजे पुस्तकी विषयांबरोबर तांत्रिक, शेती असे पर्यायही देणाऱ्या शाळा, सुचवल्या. पण खरं महत्त्वाचं काम कोठारी आयोगाचं (१९६४-६६). कार्यानुभव, म्हणजे प्रत्यक्ष काम करून शिकणं, हा सगळ्यांसाठी शिक्षणाचा भाग असावा आणि पुढे काय शिकावं, कोणतं काम निवडावं याचं मार्गदर्शन प्राथमिक शाळेपासूनच सुरू व्हावं, दहावीला नाही, हे तेव्हाच लिहून ठेवलंय. आणि तो काळ बघा ना, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली वसाहत आपली वागळे इस्टेट, पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल, इंजिनिअरिंग कंपन्या, म्हणजे शिकण्यासारखं काम शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

आणि शाळेत काय झालं? कार्यानुभवाच्या तासाला खडू, मेणबत्त्या, क्रेप कागदाची फुलं. प्रगतिपुस्तकावर नुसती श्रेणी, टक्केवारीत काही धरायचं नाही, म्हणून परीक्षा जवळ आली की पहिला तो तास गणिताला जायचा. वडील वागळेला टर्नर आणि मुलाने लेथ मशीन कधी पाहिलेलंच नाही, अशी कितीतरी घरं होती इथे. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण धोरण चांगलं होतं, ते राबवायला वेगळा माणूसच दिला नाही.

१९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेत आणायची असं लक्ष्य ठेवलं, ते गाठता आलं नाही आणि १९९२ ला मुदत पाच-पाच वर्षं पुढे ढकलावी लागली. आपल्याकडे अकरावी-बारावीला एमसीव्हीसी (किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम) आलं, पण कमी मार्कवाल्यांची शाखा असा शिक्का बसला तो बसलाच. तोपर्यंत इथल्या कंपन्याही बंद पडू लागल्या होत्या, पुढे त्या जागांवर टॉवर आले, ऐरोली-महापेला आयटी पार्क झाले. २०१६ ला राज्याने कल चाचणी (मुलाचा ओढा कुठल्या क्षेत्राकडे आहे ते बघणारी) आणली, तीही दहावीलाच, म्हणजे कोठारींनी सांगितलेल्या वेळेच्या पार शेवटी.

आता २०२० चं धोरण म्हणतं की सहावी ते आठवीच्या मुलांनी ते १० दिवस सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं. आपल्याकडे रबाळ्याचे वर्कशॉप आहेत, वाशीचं एपीएमसी मार्केट आहे, जागेची काही अडचण नाही. पालक सभेत फक्त एवढं विचारा की या १० दिवसांचं वेळापत्रक कुठे आहे आणि त्याची जबाबदारी कोणत्या शिक्षकाकडे दिलीय.