सीड्स ऑफ चेंज

सीड्स ऑफ चेंज : अमेरिकन रॉक संगीतकार केरी लिव्हग्रेन याचा पहिला एकल अल्बम. प्रकाशन १९८०, कर्शनर लेबल. ‘कॅन्सस’ या बँडचा गिटारवादक, की-बोर्डवादक आणि प्रमुख गीतकार असलेल्या लिव्हग्रेनने जुलै १९७९ मध्ये ख्रिस्ती विश्वास स्वीकारला. त्या अनुभवातून उमटलेली सात गाणी या अल्बमात आहेत. नावाचा अर्थ ‘बदलाची बीजे’. बायबल वाचणाऱ्याला हे नाव ऐकताच येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, आठवतो.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या रॉक कलावंताने आपली साक्ष, म्हणजे विश्वासाकडे येण्याची कहाणी, गाण्यांतून द्यावी, हे १९८० साली नवीन राहिले नव्हते. या अल्बमचे वेगळेपण त्याच्या गायनात आहे. लिव्हग्रेन मुळात गायक नव्हता. कॅन्ससमध्ये त्याचे शब्द प्रामुख्याने स्टीव्ह वॉल्श गात असे. त्यामुळे आयुष्यातली सर्वांत खासगी गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हाही त्याला ती इतरांच्या गळ्यातून सांगावी लागली, आणि ज्यांना त्याने बोलावले ते सगळे त्याच्यासारखे विश्वासणारे नव्हते. हा अल्बम ऐकताना ही गोष्ट सतत जाणवत राहते. माझ्या मते त्याची उणीव हीच आणि त्याचे सौंदर्यही हेच.

शोधाची वर्षे

लिव्हग्रेनचा जन्म १९४९ साली कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात झाला. त्याच शहरातल्या वादकांमधून घडलेल्या कॅन्सस बँडचा पहिला अल्बम १९७४ मध्ये आला. लांबलचक रचना, व्हायोलिन आणि ऑर्गन यांची जोड, मध्येच बदलणारे ताल असे प्रोग्रेसिव्ह रॉकचे सगळे गुण या बँडमध्ये होते. पण लिव्हग्रेनच्या शब्दांना आणखी एक ओढ होती. पौर्वात्य धर्म आणि तत्त्वज्ञान तो मनापासून वाचत होता. १९७५ च्या ‘साँग फॉर अमेरिका’ या अल्बममधल्या त्याच्या एका दीर्घ गाण्याच्या नावातच ‘हिम टू द आत्मन’, म्हणजे आत्म्याचे स्तोत्र, असे शब्द आहेत. उपनिषदांतला आत्मा अमेरिकेतल्या गव्हाच्या पट्ट्यातल्या एका रॉक बँडच्या तबकडीवर येतो, एवढ्यावरूनही हा माणूस किती दूरवर शोधत होता ते कळते.

ज्या दोन गाण्यांनी कॅन्सस जगभर पोहोचला, ती दोन्ही याच शोधातून आली. ‘कॅरी ऑन वेवर्ड सन’ (१९७६) हे गाणे अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत गेले, तर ‘डस्ट इन द विंड’ (१९७७) पुढच्या वर्षी ६ व्या क्रमांकावर पोहोचले. दुसऱ्या गाण्याची जन्मकथा प्रसिद्ध आहे. लिव्हग्रेन घरी गिटारवर बोटांचा सराव करत होता. त्यात अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारा छेडतात. पत्नीने ती धून ऐकली आणि हिला शब्द दे, असे सुचवले. गाण्याची सुरुवात आजही नीट ऐकावी. सी कॉर्ड, म्हणजे सी स्वरावर उभा स्वरमेळ, जागची हलत नाही, फक्त वरच्या एका तारेवरचा स्वर सा, मग नी, मग रे असा सरकतो. सी हा षड्ज धरला की भारतीय कानालाही ते लगेच उमगते. सगळे स्थिर असताना एकच गोष्ट निसटत राहते. ‘आपण वाऱ्यावरची धूळ आहोत’ हे शब्द येण्याआधीच गिटारने ते सांगून टाकलेले असते. बायबलच्या जुन्या करारातल्या उपदेशकाच्या पुस्तकात ‘व्यर्थ हो व्यर्थ, सर्व काही व्यर्थ’ अशी जी खंत आहे, तिच्या अगदी जवळ हे गाणे जाते. पण ते लिहिताना लिव्हग्रेन ख्रिस्ती नव्हता. यशाच्या शिखरावर बसून तो नश्वरतेचे गाणे लिहीत होता.

त्यानंतर तो युरँशिया ग्रंथाकडे वळला. शिकागोतून १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा दोन हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ दिव्य शक्तींनी सांगितला, असे त्याचे अनुयायी मानतात. त्यात विश्वरचनेचे भलेमोठे चित्र आहे, शिवाय येशूच्या जीवनाची वेगळीच, दीर्घ कथा आहे. मे १९७९ मध्ये आलेल्या कॅन्ससच्या ‘मोनोलिथ’ अल्बममधल्या त्याच्या गाण्यांवर या वाचनाची छाया दिसते.

परिवर्तन

‘मोनोलिथ’च्या दौऱ्यात लुइझियानाचा ‘लेरू’ हा बँड कॅन्ससच्या आधी मंचावर येई. त्याचा गायक-गिटारवादक जेफ पोलार्ड ख्रिस्ती होता. प्रवासात दोघांच्या चर्चा सुरू झाल्या. एकीकडे युरँशिया ग्रंथ आणि दुसरीकडे बायबल, आणि मधला कळीचा प्रश्न एकच, येशू नेमका कोण? लिव्हग्रेन वादविवादात कच्चा नव्हता. वर्षानुवर्षांचे वाचन त्याच्या पाठीशी होते. हा वाद कुणी जिंकण्या-हरण्यासाठी चाललेला नव्हता, त्यामुळे तो दिवसेंदिवस चालला. अखेर २५ जुलै १९७९ च्या पहाटे, इंडियानापोलिसमधल्या एका हॉटेलच्या खोलीत, लिव्हग्रेनने येशूला प्रभू म्हणून स्वीकारले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. व्यसनाने गाळात गेलेला कलावंत देवाकडे वळतो, अशी साक्ष ख्रिस्ती संगीताच्या वर्तुळात वरचेवर ऐकू येते. लिव्हग्रेनची साक्ष तशी नाही. त्याला वाचनाने, प्रश्नांनी आणि एका मित्राच्या चिकाटीने तिथवर आणले. म्हणूनच त्याच्या अल्बममध्ये रडणे कमी आणि युक्तिवाद जास्त आहे. काही श्रोत्यांना ते कोरडे वाटते. मला ते प्रामाणिक वाटते, कारण तो जसा पोहोचला तसेच त्याने लिहिले.

गाणी आणि गळे

वादकांची निवडही बोलकी आहे. इंग्लंडच्या ‘जेथ्रो टल’ या रॉक बँडचा ड्रमवादक बॅरिमोर बार्लो, कॅन्ससचे सहकारी फिल एहार्ट आणि रॉबी स्टाइनहार्ट यांनी साथ केली. गाणाऱ्यांत स्टीव्ह वॉल्श होता आणि ज्याच्याशी वाद घालत लिव्हग्रेन विश्वासाकडे आला तो जेफ पोलार्डही होता. गिटार आणि की-बोर्ड स्वतः लिव्हग्रेनने सांभाळले.

‘जस्ट वन वे’ या पहिल्याच गाण्याच्या शीर्षकात भूमिका स्पष्ट होते : मार्ग एकच. योहानाच्या शुभवर्तमानातले ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ हे वचन त्यामागे उभे आहे. आत्मन्, झेन, युरँशिया असे सगळे रस्ते चालून आलेल्या माणसाने ‘एकच’ म्हणणे आणि दुसरीकडे कधी पाहिलेच नाही त्याने ‘एकच’ म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणाऱ्याला हा दावा पटो न पटो, त्यामागची पायपीट खरी आहे.

‘मास्क ऑफ द ग्रेट डिसीव्हर’ हे अल्बममधले सर्वांत वजनदार गाणे. महाठकाचा मुखवटा म्हणजे तेजस्वी देवदूताचे रूप घेऊन येणारा सैतान. ते गायले रॉनी जेम्स डिओने. त्या काळात डिओ ‘ब्लॅक सॅबथ’चा मुख्य गायक होता. एप्रिल १९८० मध्ये त्या बँडचा ‘हेवन अँड हेल’ हा अल्बम त्याच्याच आवाजात आला होता. डिओचा गळा म्हणजे किल्ल्याच्या दरवाजावर आदळणारा ओंडका. शब्द तो गात नाही, पुकारतो. खोटेपणाच्या तेजाविषयीचे गाणे इतक्या पल्लेदार, चकाकणाऱ्या आवाजात येते तेव्हा इशारा आणि मोह दोन्ही एकत्र ऐकू येतात.

अल्बममधले ‘टू लिव्ह फॉर द किंग’ हे गाणेही डिओनेच गायले, आणि माझ्या मते अल्बमचे हृदय तिथे आहे. शीर्षकाचा अर्थ राजासाठी जगणे. राजा म्हणजे ख्रिस्त. इथे डिओ आपली ताकद आवरून धरतो. ज्याने हे शब्द लिहिले तो गाऊ शकत नाही आणि जो गातो आहे त्याची ही साक्ष नाही, तरी दोघांच्या मध्ये गाणे मात्र सच्चे उतरले आहे. कीर्तनकाराच्या मागे उभा असलेला टाळकरी कधी कधी अभंगाचा एखादा चरण असा उचलतो की तो त्याचाच होऊन जातो, तसे काहीसे.

‘व्हिस्की सीड’ मायलन लेफेव्हरने गायले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या एका नामवंत घराण्यात वाढलेल्या लेफेव्हरचे एक भक्तिगीत एल्व्हिस प्रेस्लीनेही ध्वनिमुद्रित केले होते. पुढे तो रॉककडे आणि अमली पदार्थांकडे गेला आणि याच सुमारास त्यातून बाहेर येत विश्वासाकडे परतत होता. दारूच्या बीजाविषयीचे ब्लूज वळणाचे हे गाणे त्याच्या तोंडी शोभण्याचे कारण वेगळे सांगायला नको. अल्बमच्या नावात बदलाचे बीज आहे आणि या गाण्यात विनाशाचे. बी कोणतेही असो, रुजले की फोफावतेच. लिव्हग्रेनच्या युक्तिवादी अल्बमला मानवी ऊब इथे मिळते.

‘हाऊ कॅन यू लिव्ह’ आणि ‘डाऊन टू द कोअर’ ही तुलनेने साधी रॉक गाणी. शेवट मात्र ‘ग्राउंड झीरो’ या आठ मिनिटांहून मोठ्या, भव्य रचनेने होतो. कॅन्ससच्या दीर्घ रचना आवडणाऱ्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल.

दोन्ही बाजारांच्या मध्ये

तोवर अमेरिकेत ख्रिस्ती संगीताचा बाजार वेगळा उभा राहिला होता. त्याची लेबले वेगळी होती आणि रेकॉर्डही मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून विकल्या जात. कर्शनर हे सर्वसाधारण रॉक लेबल होते, म्हणजे हा अल्बम ‘बाहेरून’ आला होता. त्यात ब्लॅक सॅबथचा गायक! त्या बँडच्या नावाभोवती सैतानपूजेची कुजबुज असल्यामुळे डिओच्या सहभागावर अनेक ख्रिस्ती श्रोत्यांनी नाराजी व्यक्त केली. लिव्हग्रेन आपल्या निवडीच्या पाठीशी उभा राहिला. डिओ सैतानपूजक असल्याचे आपल्याला कधीच दिसले नाही, असे त्याने स्पष्ट केले. ही नाराजी मला अन्यायकारक वाटते. ज्या गाण्यात फसव्या रूपापासून सावध राहायला सांगितले आहे, त्याच गाण्याला गायकाच्या बँडचे नाव पाहून नाकारले गेले.

या वाटेवर लिव्हग्रेन एकटा नव्हता. ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’मधून पुढे आलेल्या रिची फ्यूरेने १९७६ मध्ये ‘आय हॅव गॉट अ रीझन’ हा अल्बम काढला आणि पुढे तो चर्चचा पाळक झाला. लिव्हग्रेनच्या परिवर्तनानंतर महिन्याभरात, ऑगस्ट १९७९ मध्ये, बॉब डिलनचा ‘स्लो ट्रेन कमिंग’ आला आणि सगळी चर्चा तिकडे वळली. कितीतरी नंतर, २००५ मध्ये ‘कॉर्न’ बँड सोडून ख्रिस्ती झालेल्या ब्रायन वेल्चने २००८ मध्ये ‘सेव्ह मी फ्रॉम मायसेल्फ’ हा एकल अल्बम काढला. पण त्याने आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने, ओरडून, फोडून सांगितली.

बँडवरचे परिणाम

एकल अल्बम हा बँडमधला ताण सैल करण्याचा मार्ग असतो. इथे तसे झाले नाही. १९८० मध्येच कॅन्ससचा ‘ऑडिओ-व्हिजन्स’ आला आणि त्यातले ‘होल्ड ऑन’ हे गाणे लिव्हग्रेनने अजून विश्वास न स्वीकारलेल्या आपल्या पत्नीला उद्देशून लिहिले होते. गाणे गायले वॉल्शने. दुसऱ्याच्या घरातले इतके खासगी आर्जव त्याने गायले आणि सुंदर गायले. पण गीतांचे हे वळण त्याला मानवत नव्हते. १९८१ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला जॉन एलिफान्टे स्वतः ख्रिस्ती होता, आणि १९८२ चा ‘व्हाइनिल कन्फेशन्स’ बराचसा लिव्हग्रेनच्याच दिशेने गेला. बासवादक डेव्ह होपही दरम्यान विश्वासात आला होता. १९८३ मध्ये लिव्हग्रेन आणि होप दोघांनी कॅन्सस सोडला आणि ‘एडी’ हा ख्रिस्ती बँड उभारला. त्याच वर्षी लिव्हग्रेनचे आत्मकथनही याच अल्बमच्या नावाने प्रसिद्ध झाले. होप पुढे धर्मगुरू झाला.

वॉल्श १९८० च्या दशकाच्या मध्यात कॅन्ससमध्ये परतला. सन २००० मध्ये ‘समव्हेअर टू एल्सव्हेअर’ या अल्बमसाठी जुने सगळे साथीदार कॅन्सस राज्यातल्या लिव्हग्रेनच्या शेतावर, त्याच्या स्टुडिओत जमले. होपने दोन गाण्यांत बास वाजवला. सगळी गाणी लिव्हग्रेनची होती आणि माइकसमोर पुन्हा स्टीव्ह वॉल्श उभा होता.