झाडाचं नाव विचारताय? फुलासोबत पूर्ण पान पाठवा

उन्हाळा लागला की नर्सरीच्या व्हॉट्सॲपवर रोज तोच प्रश्न येतो: "भाऊ, हे झाड कोणतं?" कुणी बेसा-पिपळ्याकडे नवा प्लॉट घेतलेला असतो आणि कोपऱ्यात आधीच एक झाड उभं असतं. कुणाच्या कुंडीत पाखरांनी टाकलेलं बी रुजलेलं असतं. जरूर विचारा. नाव सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. अडतं ते फोटोपाशी.

बहुतेक फोटोंत तळहातावर ठेवलेलं एकच फूल असतं. फूल पिवळं, पाकळ्या पाच. बहावाही तसाच आणि पीतमोहरही तसाच. झाड दिसलं असतं तर क्षणात सांगता आलं असतं, कारण बहाव्याचे घोस खाली लोंबतात आणि पीतमोहराचे तुरे वर उभे राहतात. शेंग असली तर प्रश्नच मिटतो: बहाव्याची लांब, गोल, काळी नळी, पीतमोहराची चपटी, तांब्याच्या रंगाची.

मग आम्ही पान मागतो, आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. लोक गुलमोहराची एक बारीकशी हिरवी टिकली तोडून तिचा फोटो पाठवतात. ते पान नव्हे, पानाचा एक तुकडा आहे, पर्णिका. गुलमोहराचं एक पान वीतभराहून मोठं असतं आणि त्यात शेकडो पर्णिका असतात. पान कुठे सुरू होतं ते ओळखायची खूण सोपी आहे: देठ फांदीला जिथे मिळतो तिथे, बगलेत, एक डोळा, म्हणजे बारीक कोंब, असतो. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. म्हणून डोळा सापडेपर्यंत मागे या आणि फांदीचा तेवढा भाग पानांसकट दाखवा.

एवढा आग्रह कशाला? फूल येण्याआधी गुलमोहर, पीतमोहर आणि नीलमोहर म्हणजे जॅकरंडा, तिघांची रोपं लांबून सारखीच दिसतात. नीलमोहराची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, गुलमोहराची एकाआड एक. तुटलेल्या तुकड्यावरून हे कळायला मार्ग नाही. आणि नीलमोहर समजून कंपाउंडला खेटून ठेवलेलं रोप गुलमोहर निघालं, तर त्याची वर पसरणारी मुळं पुढे फरशी उचलतात. तेव्हा झाड तोडायची पाळी येते, आणि ते आम्हाला बघवत नाही.

पळस आणि पांगारा, दोघांची पानं तीन पर्णिकांची, फुलं लाल-केशरी. फांदीवर काटे असतील तर पांगारा. होळीच्या सुमारास उमरेडकडे जाताना पानांविना पेटलेला दिसतो तो पळस.

कांचनाच्या बाबतीत मात्र पान अपुरं पडतं. दुभंगलेलं पान सगळ्या कांचनांचं आणि आपट्याचंही. इथे फूल समोरून, जवळून हवं. रुंद, एकमेकींवर चढलेल्या पाकळ्या आणि पाच पुंकेसर असतील, फुलोरा फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असेल, तर रक्तकांचन. अरुंद, सुट्या पाकळ्या, तीन पुंकेसर आणि पावसाळा सरल्यावर फुलोरा असेल तर दुसरा जांभळा कांचन. हा फरक छाटणीसाठी लागतो. रक्तकांचन जानेवारीत छाटला तर त्या वर्षीच्या कळ्याच गेल्या. त्याला फुलोरा संपल्यावर हात लावा.

देठ मोडल्यावर पांढरा चीक येतो का, तेही कळवा. देवचाफा, सप्तपर्णी आणि बिट्टीला येतो, सोनचाफ्याला येत नाही. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, अतिशय विषारी आहे. हात धुवा, लहान मुलांना फळांपासून दूर ठेवा आणि कुठलंही अनोळखी झाड चाखून बघू नका.

आम्ही लगेच नाव सांगत नाही म्हणून काही ग्राहक नाराज होतात. फोनमधलं ॲप झटकन सांगतं, हे खरं आहे. पण तेही तुम्ही दिलेल्या फोटोवरच सांगतं, आणि चुकलेल्या नावावर पाणी, खत, छाटणी सगळंच चुकत जातं. आम्हाला एक दिवस उशीर चालेल, चुकीचं नाव नको.

तेव्हा दुरून अख्खं झाड, पानांसकट फांदी, फूल समोरून आणि बाजूने, खोडाची साल आणि असेल तर शेंग, एवढे फोटो एकदमच पाठवा. फुलण्याचा महिना लिहा. फांदी आणणार असाल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळी आणा; मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत राहिलेली फांदी ओळखण्यापलीकडे गेलेली असते. इथे आमची वाढलेली झाडं आहेत, त्यांच्या शेजारी धरून बघता येतं. छोट्या अंगणासाठी दुसरं काही हवं असेल तर तेही बघून जा. आपल्या राज्याचं फूल असलेल्या तामणाची रोपं तयार आहेत.

घरी येऊन झाडं ओळखून द्यायची असतील तर फेरीचे पैसे लागतात. त्याच महिन्यात रोपं घेतलीत तर ते बिलातून वजा होतात. आणि आमच्या रोपांना बांधलेली नावाची चिठ्ठी कृपया काढून टाकू नका. ओळखायला येणाऱ्यांत आमचीच कितीतरी रोपं असतात.