आरसीसीबी पडतो म्हणून तो डायरेक्ट करू नका

उन्हाळा लागला की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन येतात. "दिवाळीत तुम्ही जुना फ्यूज बोर्ड काढून नवा डीबी (खटक्यांची पेटी) बसवला. आता कूलर लावला की अख्ख्या घराची लाईन जाते. आधी असं होत नव्हतं."

आधीही कूलरच्या बॉडीत करंट उतरतच असेल, पण जुन्या बोर्डातल्या किटकॅट (चिनी मातीच्या) फ्यूजला तो कळत नाही. त्याची तार बरेच अँपिअर ओढल्यावरच वितळते. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. नव्या डीबीतला आरसीसीबी हा खटका फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तोलतो. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की लगेच लाईन तोडतो. ओल्या फरशीवर अनवाणी पायांनी कूलरमध्ये पाणी भरणाऱ्यासाठीच तो आहे.

मागच्या मे महिन्यात महाल भागातल्या एका घरी डीबी उघडला. आरसीसीबी जागेवर, खटका वर, पण चारही स्क्रूंत एकही तार नाही. तारा बाहेरच जोडून, म्हणजे डायरेक्ट करून, काळी टेप गुंडाळलेली. त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं असतं, तर खटका पडत नाही हे घरच्यांना कळलं असतं. महिन्यातून एकदा ते दाबाच. त्या जोडाजोडीत सगळे न्यूट्रल एकत्र पिळले होते. ते सोडवण्यात आमचा आणि त्यांचा पूर्ण दिवस गेला.

लाईन गेली तर आरसीसीबीचा खटका पडलेलाच असू द्या आणि आधी कूलरचा प्लग काढा. नुसता एमसीबी (जास्त करंट ओढला की त्या सर्किटची फेज तोडणारा स्विच) बंद करून भागत नाही, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग खटका उचला. टिकला, तर दोष कूलरमध्ये. बहुधा वर्षभर पडून ओल धरलेला पंप. तरीही टिकला नाही, तर आम्हाला बोलवा.

"दुसरे दोन तासांत एमसीबी लावून देतात," असंही ऐकतो. जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला की दिवा विझतो, पण तारेत करंट राहतोच. आम्ही तो काढतो, प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा करतो, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वायरिंग तपासतो, अर्थिंग मोजतो. याला दिवस लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

१६ अँपिअरऐवजी ३२ चा एमसीबी मात्र मागू नका. तार तीच राहते आणि भिंतीत जळते.

जुन्या बोर्डाची पाहणी फेब्रुवारीतच करून घ्या. मे महिन्यात आम्हाला चार-चार दिवस येता येत नाही. काम दिल्यास पाहणीचे पैसे बिलातून वजा करतो.