सागरी पॉवरबोट शर्यतींतील मिश्र वर्ग

व्यावसायिक संघांच्या बोटी आणि स्वखर्चाने उतरणाऱ्या हौशी शर्यतपटूंच्या बोटी एकाच स्पर्धेत, कधी तर एकाच वेळी पाण्यात सोडण्याची पद्धत. खुल्या समुद्रावरील, म्हणजे ऑफशोअर, पॉवरबोट शर्यतींत ही पद्धत सुरुवातीपासून आहे. प्रत्येक वर्गाचा निकाल स्वतंत्र लागतो; मार्ग, पंच आणि बचावपथक मात्र बहुधा सामाईक असतात. या सरमिसळीवरच हा खेळ तगून आहे आणि त्यातला सर्वांत अवघड सुरक्षाप्रश्नही तिच्यातूनच निघतो. ती कितपत निभावते हे चालकांच्या कौशल्यापेक्षा शर्यतीचा मार्ग कसा आखला आहे यावर जास्त ठरते.

मोटारबोटींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींची सुरुवात १९०३ साली हार्म्सवर्थ चषकाने झाली. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशनही त्याच वर्षीची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मोटारबोटींच्या तीन शर्यती झाल्या आणि तिन्हींत प्रत्येकी एकच बोट शेवटपर्यंत पोचली. आज जागतिक नियमन करणारी संस्था, यूआयएम, १९२२ मध्ये स्थापन झाली; तिचे मुख्यालय मोनॅकोत आहे. आधुनिक सागरी शर्यत मात्र १९५६ च्या मायामी–नासॉ शर्यतीपासून धरतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून गल्फ स्ट्रीम ओलांडून बहामापर्यंत सुमारे ३०० किलोमीटरचे हे अंतर होते. १९६० साली खवळलेल्या समुद्रात ‘मॉपी’ ही बोट जिंकली. रेमंड हंट याने आखलेला तिचा खोल इंग्रजी व्ही आकाराचा तळ पुढे साऱ्या जगाने उचलला. पाठोपाठ १९६१ मध्ये वृत्तपत्रमालक सर मॅक्स एटकेन यांनी इंग्लंडमध्ये काउज–टॉर्की शर्यत सुरू केली. समुद्रात टिकाव धरणाऱ्या वेगवान क्रूझर बोटी सुधाराव्यात, हा तिचा जाहीर हेतू होता.

या पहिल्या शर्यतींत व्यावसायिक आणि हौशी असा भेद करायला जागाच नव्हती. बोट बांधणारा, ती विकणारा आणि सुट्टीत तीच बोट घेऊन मासेमारीला जाणारा, तिघेही एका रेषेवरून सुटत. बांधकाम व्यवसायात पैसा मिळवून मायामीला स्थायिक झालेला डॉन अॅरोनाऊ निव्वळ हौसेने शर्यतीत उतरला. काही वर्षांतच त्याने फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट या बोटींच्या कंपन्या उभ्या केल्या आणि १९६७ व १९६९ साली तो जगज्जेता झाला. १९७७ आणि १९७९ ची जगज्जेती बेटी कूकही संसारी बाई म्हणूनच या खेळात आली होती. ज्या रांगेत नवखा माणूस उभा राहतो तिथेच त्या काळचा सर्वोत्तम चालकही उभा असे, आणि हाच या खेळाचा सर्वांत मोलाचा वारसा आहे.

भेद आला तो खर्चातून. १९६४ पासून जागतिक अजिंक्यपद सुरू झाले आणि वरचा वर्ग, क्लास वन, हळूहळू प्रायोजकांच्या पैशावर चालू लागला. व्ही तळाच्या बोटींची जागा दोन तळांच्या कॅटॅमरानने घेतली. या बोटी दोन तळांमधून वाहणाऱ्या हवेवर स्वतःला उचलून धरतात आणि सपाट पाण्यावर ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातात. पगारी यंत्रज्ञ, सुटी इंजिने, बोट उचलायला क्रेन असा लवाजमा असणारा संघ आणि गाडीमागे ट्रेलर जोडून मित्रांसह आलेला माणूस यांत मग फार मोठे अंतर पडले.

तरीही दोघांमधली रेषा ठळक नाही. बक्षिसाची रक्कम घेतो तो व्यावसायिक, ही कसोटी इथे लागू पडत नाही, कारण बक्षिसातून बोटीचे इंधनसुद्धा क्वचितच निघते. मोठ्या कॅटॅमरानमध्ये दोन माणसे बसतात: एक सुकाणू धरतो आणि दुसरा, थ्रॉटलमन, इंजिनांचा वेग व कोन सांभाळतो. बोट लाटेवरून हवेत उडाली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी दांडी, क्षणात मागे आणि पाण्याला टेकताना पुन्हा पुढे, हे काम त्याचे. वरच्या वर्गातल्या अनेक संघांत सुकाणू धरणारा हा मालकच असतो आणि शेजारी मानधनावर आणलेला मुरब्बी थ्रॉटलमन. म्हणजे एकाच कॉकपिटमध्ये हौशी आणि व्यावसायिक खांद्याला खांदा लावून बसलेले. त्यामुळे नियमावल्या माणसाचा पेशा विचारत नाहीत. बोटीची लांबी, वजन, तळाचा प्रकार, इंजिनांची संख्या व ताकद आणि चालकाचा परवाना यांवरून वर्ग ठरतो.

मिश्र शर्यतीचा खरा पेच मार्गात आहे. जुन्या शर्यती एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात. अशा मार्गावर २४० च्या वेगाची बोट आणि १२० ची बोट एकत्र सुटल्या तर दहा मिनिटांत त्यांच्यात २० किलोमीटरचे अंतर पडते आणि त्या पुन्हा एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. परतीचा मार्ग जाण्याच्या मार्गापासून पुरेसा दूर आखला की समोरासमोर येण्याची भीतीही टळते. किनाऱ्यावरच्या प्रेक्षकांना आणि दूरचित्रवाणीला मात्र शर्यत डोळ्यांसमोर हवी होती, म्हणून किनाऱ्यालगत बोये, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या खुणा, टाकून फेऱ्यांचे मार्ग आखले गेले. ८ किलोमीटरची फेरी धरली तर वेगवान बोट ती २ मिनिटांत आणि संथ बोट ४ मिनिटांत पूर्ण करते. म्हणजे दर चार मिनिटांनी संथ बोट एकदा मागे टाकली जाते. अर्ध्या तासात सात वेळा. दहा संथ बोटी असतील तर एका वेगवान बोटीला सत्तरेक वेळा कोणाला तरी ओलांडावे लागते, तेही सेकंदाला ३३ मीटरच्या फरकाने आणि समोर तुषारांचा पडदा असताना.

ओलांडणे हा त्यातला अर्धाच भाग. प्रत्येक बोट मागे लाटा सोडून जाते, आणि व्ही तळाची जड, संथ बोट जास्त मोठ्या सोडते. हवेवर तरंगणारी कॅटॅमरान अशा लाटेवर तिरकी चढली की तिचे नाक वर उचलले जाते, दोन तळांमधल्या बोगद्यात हवा भरते आणि बोट मागे उलटू शकते. किंवा नाक पुढच्या लाटेत रुतून ती जागीच थांबते. १९८७ साली आइल ऑफ वाइटजवळच्या शर्यतीत फॉर्म्युला वनचा माजी चालक दिदिए पिरोनी आणि त्याचे दोन सहकारी मृत्युमुखी पडले. त्यांची बोट एका तेलवाहू जहाजाच्या लाटेवर आदळली होती. ते जहाज शर्यतीत नव्हते, पण दुसऱ्याने उठवलेली लाट वेगवान बोटीचे काय करते हे त्या अपघातावरून कळते. बोये वळताना तर सगळ्यांच्या लाटा एका जागी कालवल्या जातात आणि नवख्या चालकाची नजर नेमकी तेव्हा बोयावर खिळलेली असते, मागे नसते.

समुद्र खवळलेला असला की चित्र उलटते. कॅटॅमरानला वेग आवरावा लागतो आणि मजबूत व्ही बोटीतला धीराचा हौशी चालक मोठ्या संघांच्या बरोबरीने येऊ शकतो. एकूण निकालाचे बक्षीस सर्व वर्गांना खुले ठेवण्यात अर्थ असतो तो अशाच दिवशी.

बचावाचा प्रश्न याहून कमी बोलला जातो, पण मला तो अधिक गंभीर वाटतो. १९९० मध्ये मोनॅकोजवळ जगज्जेता स्टेफानो कासिरागी बोट उलटून मरण पावला. त्यानंतर वरच्या वर्गात बंद कॅनॉपी (कॉकपिटवरचे छत), पट्टे आणि कॉकपिटमधील हवेचा पुरवठा यांबाबतचे नियम कडक झाले. बंद कॉकपिटमधला माणूस उलटलेल्या बोटीत अडकतो, तर उघड्या बोटीतला पाण्यात फेकला जातो. पहिल्यासाठी हेलिकॉप्टरमधून उडी मारून बोटीखाली जाणारा पाणबुड्या लागतो; दुसऱ्यासाठी मागून येणाऱ्या बोटी ताबडतोब थांबवाव्या लागतात आणि मानेला धक्का न लावता त्याला उचलावे लागते. मिश्र शर्यतीत पथकाला दोन्हींची तयारी एकाच वेळी ठेवावी लागते. फ्लोरिडातील की वेस्ट येथे २०११ च्या अजिंक्यपद स्पर्धेत तीन शर्यतपटू दगावले; बंद कॉकपिट असूनही पाण्याखालची मिनिटे किती निर्णायक असतात हे तिथे पुन्हा दिसले. बंद कॉकपिटच्या बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला उलट्या सांगाड्यातून पाण्याखाली बाहेर पडण्याची चाचणी द्यावी लागते, मग तो हौशी असो वा जगज्जेता.

आयोजकांनी काढलेले उपाय वेगवेगळ्या धाटणीचे आहेत. सर्वांत साधा म्हणजे प्रारंभ वेगळे ठेवणे: वेगवान वर्ग आधी सोडायचा आणि काही मिनिटांनी पुढचा. बंदराबंदरांच्या शर्यतीत हे पुरते. फेऱ्यांच्या मार्गावर फारसे उपयोगी पडत नाही, कारण आधी सुटलेलेच फिरून मागून येतात. तिथे संथ वर्गाला आतली छोटी फेरी देतात, किंवा शर्यतीच वेगळ्या करतात. अमेरिकेत आज बहुतेक ठिकाणी हेच चालते. एकाच दिवशी आधी वेगमर्यादेचे ब्रॅकेट वर्ग, मग मागे बाहेरून बसवलेल्या दोन (आउटबोर्ड) इंजिनांच्या बोटींचा सुपर स्टॉक आणि शेवटी मोठ्या कॅटॅमरानचे सुपर कॅट व क्लास वन. धक्का, क्रेन, चालकांची सभा आणि प्रेक्षक सगळ्यांचे एकच. पाणी मात्र आलटूनपालटून. फेऱ्यांच्या शर्यतीसाठी हीच व्यवस्था योग्य आहे, आणि गर्दी दाखवण्याच्या मोहाने जो आयोजक ती मोडतो तो इतरांचा जीव पणाला लावतो.

ब्रॅकेट वर्ग ही हौशींसाठीची खास सोय आहे. प्रत्येक ब्रॅकेटला वेगाची कमाल मर्यादा असते, बोटीवरच्या जीपीएस यंत्रात वेगाची नोंद होते आणि मर्यादा ओलांडली की दंड किंवा बाद. त्यामुळे जुनी, घरी दुरुस्त केलेली बोटही नव्या बोटीशी लढू शकते, कारण जिंकण्यासाठी मर्यादेच्या अगदी जवळ राहून वळणे नेटकी घ्यावी लागतात. यातून एक जुनी खोडही मात्र फोफावते. मर्यादेहून कितीतरी जास्त धावू शकणारी बोट खालच्या ब्रॅकेटमध्ये घालायची, वळणात गमावलेला वेळ सरळ पट्ट्यात सहज भरून काढायचा आणि चषक घेऊन जायचे. जीपीएस कमाल वेग पकडते, राखून ठेवलेली ताकद पकडत नाही. सलग जिंकणाऱ्याला वरच्या वर्गात ढकलण्याचा अधिकार पंचांकडे असणे हाच त्यावर उपाय, आणि तो वापरण्याचा करारीपणा सगळ्याच संघटनांत नसतो.

सरमिसळ टिकून आहे तिचे कारण पैशाचे आणि संख्येचे आहे. हेलिकॉप्टर, रुग्णवाहिका बोटी, विमा आणि बंदराचे भाडे यांचा खर्च बोटी सहा असोत की चाळीस, साधारण तेवढाच येतो. वरच्या वर्गात अनेक हंगामांत मोजक्याच बोटी उतरल्या. त्यांच्या प्रवेशशुल्कात एक दिवसही भागत नाही. हौशी वर्गांच्या शुल्कावर आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या कुटुंबांच्या गर्दीवर व्यावसायिक शर्यत उभी राहते, तर प्रायोजक आणि कॅमेरे येतात ते वेगवान बोटींसाठी. उद्याचा थ्रॉटलमन तयार होतो तोही बहुधा खालच्या वर्गातच, स्वतःच्या इंजिनाचे तेल स्वतः बदलत.